श्रवणयंत्र देण्यापूर्वी कानाची पूर्ण तपासणी हवी

महोदय,

सांगली जिल्ह्यात ज्येष्ठांसाठी मोफत श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे अधूनमधून भरतात. आयोजकांच्या सेवाभावाबद्दल आदरच आहे. परंतु ज्या शिबिरात श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, नसतो आणि आलेल्या प्रत्येकाच्या हाती एकाच प्रकारचे यंत्र ठेवले जाते, तेथून आणलेले यंत्र थोड्याच दिवसांत कपाटात पडते, हे मी विट्यात अनेक घरांत पाहतो आहे.

विटा हे यंत्रमागाचे गाव आहे. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे रोज आठ तास काम केल्यास ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते आणि मागांच्या शेडमधील खडखडाट ही मर्यादा सहज ओलांडतो. अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या ज्या केशपेशी या आवाजाने मरतात त्या पुन्हा तयार होत नाहीत, आणि नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या, स्वरांपासून सुरू होते. त्यामुळे जुन्या माग कामगाराला समोरचा बोलतो आहे हे ऐकू येते, पण 'स', 'श', 'त' यांसारखी व्यंजने निसटल्याने तो काय बोलतो ते उमगत नाही; आणि घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला हवे तेवढे बरोबर ऐकू येते. हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा कानाला सगळेच आवाज सरसकट मोठे करणारे यंत्र लावले, तर भांड्यांचा आणि गाड्यांचा गोंगाट तेवढा वाढतो.

श्रवणतज्ज्ञ आधी कानात मळ साठला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, हे पाहतो. मग शांत खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा प्रत्येक स्वर किती हळू असताना ऐकू येतो याचा आलेख काढतो, आणि तीच चाचणी कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा घेतो. या दोन आलेखांतील फरकावरून दोष मध्यकर्णात आहे की अंतर्कर्णात, हे कळते. मध्यकर्णातील कित्येक दोष कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. त्या रुग्णाला कदाचित यंत्र लागणारही नाही. ज्याला लागते, त्याचे यंत्र त्याच्या आलेखाप्रमाणे जुळवावे लागते, आणि मेंदूला नव्या आवाजांची सवय होईपर्यंत काही आठवडे ते पुन्हा पुन्हा तपासून बदलावे लागते. शिबिरात नेमके हेच राहून जाते.

शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रियही अंतर्कर्णातच असते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद घर फिरल्यासारखे वाटले, की आपण मानेच्या मणक्याला किंवा रक्तदाबाला दोष देतो आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेतो. अशा चकरेचे एक नेहमीचे कारण म्हणजे कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरणे. रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहिली, की हे ओळखता येते, आणि डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर नेले, की बऱ्याचदा एक-दोन वेळांतच आराम पडतो. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती लक्षात घेता ही साधी तपासणी फार मोलाची आहे. मात्र चकरेबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून अस्तित्वात आहे, आणि मिरजेसारखे वैद्यकीय केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून आरोग्य विभागाने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात श्रवणतज्ज्ञाचा निदान ठरावीक वार तरी ठेवावा. शिबिर भरवणाऱ्या संस्थांनी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडून आलेख काढल्याशिवाय यंत्र देऊ नये आणि पुढील तपासणीची तारीख त्याच दिवशी द्यावी. यंत्रमागधारकांनी कामगारांना कानात घालायची आवाजरोधक बोंडे (इअरप्लग) पुरवावीत आणि वर्षातून एकदा त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विटा, जि. सांगली