मध्यंतरानंतर सिनेमाला काय होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मराठी सिनेमाला प्रेक्षक का नाही?’ हा विषय आपल्या पुरवणीत दर दोन-चार महिन्यांनी येतो. निर्माते बोलतात, वितरक बोलतात, अनुदानाचा विषय निघतो, मल्टिप्लेक्सवाल्यांच्या नावाने बोटं मोडली जातात. तिकीट काढणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. मला कॅमेऱ्यातलं, संकलनातलं काही कळत नाही. बँकेतली नोकरी, सुटीच्या दिवशी घरी पाहुणे नसतील तर सिनेमा. भुताचा, कोर्टाचा, रडका, ऐतिहासिक, सगळा चालतो. पण अलीकडे एक गोष्ट फार खटकायला लागली आहे. मध्यंतरापर्यंत जो सिनेमा दाखवत असतो, तो आपण समोसा संपवून जागेवर येईपर्यंत सांगायला लागलेला असतो.

‘दशावतार’ घ्या. वयाची ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली हा कोकणातला दशावतारी नट झालेत. नजर अधू होत चाललेली, तरी तोंडाला रंग लावला की रात्र रात्र उभा राहणारा म्हातारा. पहिल्या भागात त्यांच्यावरून डोळा हलवावासा वाटत नाही. मध्यंतरानंतर हाच बाबुली एकेक अवतार घेऊन हिशेब चुकते करायला निघतो. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू! पण खाण आली की कोकणाचं काय होणार, हे आधीच्या भागात नुसतं जंगल बघून पोटात कळलं होतं. तेच पुन्हा संवादातून ऐकायची गरज नव्हती.

‘जुनं फर्निचर’मध्ये तर कोर्टच आहे, म्हणजे भाषणांना परवानाच मिळाला. बायको गेल्यावर बाप पोटच्या मुलावर दावा ठोकतो, ही कल्पना जबरदस्त. माझ्या मागच्या रांगेतले एक काका प्रत्येक वाक्याला “बरोब्बर!” म्हणत होते आणि त्यांच्या शेजारी बसलेला, बहुधा त्यांचाच, मुलगा गप्प होता. मला पडद्यापेक्षा त्या दोघांची जास्त काळजी वाटली. मुलाचं म्हणणं आणखी दमदार मांडलं असतं, तर खटला खरा रंगला असता. एकाच बाजूने माप टाकल्यावर पारडं झुकणारच, त्यात वकिलाचं काय कौतुक?

‘बाईपण भारी देवा’बद्दल लिहिताना जरा भीती वाटते, कारण आमची अख्खी भिशी नऊवारी नेसून, गॉगल लावून गेली होती. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायका नायिका आहेत, एवढ्यानेच निम्मे पैसे वसूल झाले. सहा बहिणींचे टोमणे, अबोला, जुने हेवेदावे अगदी चोख. पण मंगळागौरीची स्पर्धा जवळ आली तसे सगळ्यांचे प्रश्न रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे एकामागून एक सुटत गेले. असं होत असतं तर आमच्या भिशीत कुणाला बोलायला विषयच उरला नसता.

हिंदीतही तेच. ‘छावा’मध्ये विकी कौशलने जीव ओतला आहे, मात्र आवाज एवढा की थिएटरबाहेर आल्यावर रिक्षावाल्याला पत्ता ओरडून सांगितला.

भुताच्या बाबतीत मी कडक आहे. हिंदी ‘मुंज्या’मध्ये कोकण, पिंपळ, आजी, सगळं जमून आलं होतं, हसता हसता अंगावर काटा येत होता. शेवटी कॉम्प्युटरची करामत इतकी झाली की भीती गेली आणि नुसती मारामारी उरली. ‘जारण’ बघताना मात्र रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला. अमृता सुभाषला झालीय ती करणी की मनाचा आजार, हे सिनेमा पटकन सांगून टाकत नाही. माझ्या मते भीती तिथेच असते.

परेश मोकाशींचा ‘वाळवी’ही असाच. त्यात एकही माणूस धड नाही आणि कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. खुनाचा बेत फसत जातो, आपण खुर्चीच्या टोकावर. नाव ‘वाळवी’ का, याचं उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवलंय. नवऱ्याने मध्यंतरातच ओळखल्याचा दावा केला होता. त्याने सांगितलेलं उत्तर चुकलं, हा त्यातला माझा वरचा आनंद.

आणि ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला आहे. शिकणारी एक मुलगी, तिला पाहायला येणारी मंडळी, आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप. बस. मुलगी येते, बसते, मान खाली. नाव? शिक्षण? उंची? छंद? पाहुणे पोहे खातात आणि जातात. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच. पुढचा प्रश्न कोणता हे आपल्याला पाठ होतं आणि तो यायच्या आधीच पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जातं. हुंड्यावर व्याख्यान नाही, मुलीच्या तोंडी बाणेदार भाषण नाही. शेजारच्या अनोळखी बाई मध्येच हळूच म्हणाल्या, “हे तर आपल्याच घरचं काढलं नं बाई!” आमच्या वऱ्हाड-विदर्भाकडची बोली पडद्यावर एरवी विनोदी नोकराच्या तोंडी असते. इथे ती बापाच्या तोंडी होती, आणि तिला कुणी हसलं नाही.

मार्च २०२५ मध्ये तो लागला तेव्हा आमच्याकडे दिवसाला एकच खेळ होता, तोही भरदुपारी. नोकरी करणाऱ्यांनी रजा टाकून जायचं का? मी रविवारी गाठला. मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी पुढच्या रविवारचं ठरवलं, तोवर तो उतरलाही होता. तोंडी कौतुक गावभर पोहोचायला आठवडा लागतो आणि सिनेमा गुरुवारी गाशा गुंडाळतो. मग ‘प्रेक्षक नाही’ म्हणून लेख येतो.

आपल्या हातात थिएटर नाही, हे मान्य. पण दोन गोष्टी आहेत. परीक्षणाच्या शेवटी अडीच किंवा तीन स्टार देता, त्याऐवजी मध्यंतराआधीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे द्या. आणि पूर्वी पेपरात थिएटरची नावं आणि खेळांच्या वेळा असायच्या, तशा जिल्ह्याच्या पानावर मराठी सिनेमांपुरत्या तरी पुन्हा छापा. चार ओळींची जागा लागेल. हे पत्र लांबलं असेल तर ‘छावा’चा परिच्छेद कापलात तरी चालेल.

आपली,
एक वाचक, वर्धा