बंदुकीच्या फोटोबद्दल, आणि जागलीबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते, तब्येत चांगली आहे, थंडीचं जॅकेट घेतलं. हे आधी लिहिते कारण आई फोनवर दुसरं काही ऐकतच नाही. फोनवर सगळं बोलता येत नाही, मधातच रेंज जाते नाहीतर मोठेबाबा फोन हिसकतात, म्हणून बसून लिहून राहिली. गोलूला म्हणा मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

तो माझा बंदूक घेतलेला फोटो. ग्रुपवर टाकला ही माझी चूक, आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पण आत्याला जसं वाटलं तसं काही नाही, मी कोणाच्या नादी लागली नाही आणि ती बंदूक माझी नाही. आमच्या कंपनीचं कपाशीचं ट्रायल ज्या फार्मवर आहे त्या फार्मच्या म्हातारबाची आहे, त्यांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहते. आणि कायद्यात बसवूनच हात लावला. इथे अमेरिकेत माझ्यासारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक धरायची बंदी आहे, पण शिकारीचं वैध लायसन असलं तर चालते. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (२ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्याच्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना टेक्सासमध्ये तो करावा लागते), मग २५ डॉलर भरून लायसन काढलं, मगच.

काहून केलं, तर डुकरांसाठी. बाबा, तुम्हाला खरं नाही वाटणार पण इथे आपल्यापेक्षा जास्त डुकरं आहेत. एकट्या टेक्सासमध्ये वीस लाखाच्या वर, असा सरकारी अंदाज आहे. जात आपल्या रानडुकराचीच, काही स्पेनच्या लोकांनी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आणलेल्या पाळीव डुकरांची सुटलेली पैदास आणि काही नंतर शौकासाठी युरोपातून आणून सोडलेली. भुईमूग तर असा उकरतात की सकाळी वावर पाहून मला आपला धुऱ्याकडचा तुकडाच आठवला. झाडोरा पण ओळखीचा, मेस्किट म्हणतात त्याला, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, तोच काटा अन् तशीच शेंग.

आता इथली एक गोष्ट सांगते जी मला अजून पचली नाही. आपण डुकरं मक्यात येऊ नये म्हणून रात्र रात्र डबे वाजवतो ना, हे लोक जंगलात मका नेऊन टाकतात. स्वतःच्या पैशानं. तीन पायाची तिपाई असते, तिच्यावर आपल्या धान्याच्या कोठीएवढा ड्रम, खाली बॅटरीवर फिरणारी चकती आणि घड्याळ. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असं लावून ठेवलं की चकती दहा-पंधरा सेकंद फिरते, खर्रर आवाज होते आणि मका चहूकडं फेकला जाते. हे हरणांसाठी. हरणं त्या आवाजाला शिकून जातात, आपल्या गाई घमेल्याच्या आवाजाला येतात तशा. मग दूर एका लाकडी खोक्यात बसून, त्याला ब्लाइंड म्हणतात, सीझनमध्ये हरीण मारतात. आणि तोच मका खायला डुकरं येतात, मग डुकरं फार झाली म्हणून डुकरं मारतात. मी म्हातारबाला विचारलं की मका टाकणंच बंद केलं तर? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी पोळ्याला बैल नको म्हटलं. मक्याच्या पोत्यांचे ढीग पेट्रोल पंपावर विकायला असतात, त्याच्यावर हरणाचं चित्र. मी तिथून जाते तेव्हा दरवेळी मला मचाणीवर बसलेले बाबा दिसतात.

गोलूनं तीनदा विचारलं, "ताई, ते एके आहे का?" नाही रे. एआर नावाची अमेरिकन रायफल आहे, .२२३ ची (हा आकडा गोळीच्या जाडीवरून, इंचात). नीट सांगते, कारण तू मोबाईलवर भलतंच पाहत असते. काडतुसात मोटामोटी तीन ताकदी समज. एक पिस्तुलाची, हलकी. एक पूर्ण ताकदीची रायफल, जसं मामा एसआरपीत असताना एसएलआर खांद्यावर घेऊन फिरायचे, ७.६२ बाय ५१ (गोळीची जाडी बाय काडतुसाच्या पितळी नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये), इथली .३०८ तिचीच बहीण. आणि या दोघींच्या मधातलं काडतूस. दुसऱ्या महायुद्धात लक्षात आलं की शिपाई बहुतेक गोळ्या तीनशे-चारशे मीटरच्या आतच मारतात, मग एवढं जड काडतूस काहून वाहायचं? तर जर्मनांनी छोटं काढलं, आणि रशियानं १९४३ मध्ये ७.६२ बाय ३९ काढलं, तेच एके-४७ चं. अमेरिकेचं ५.५६ नंतर आलं, आपली इन्सास त्याच्यावरच चालते, आणि .२२३ त्याचं साधं, लोकांना मिळणारं रूप. गडचिरोलीत पोलिसांच्या खांद्यावर पाहिलं असशील ते हेच दोन, एके आणि इन्सास.

आता ताकद म्हणशील तर .२२३ ची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅम, जवळपास एका रुपयाच्या नाण्याएवढी. पण सेकंदाला ३२०० फूट धावते. एकेची आठ ग्रॅमची, पण २३५० फुटानं. .३०८ ची पावणेदहा ग्रॅम आणि २८०० फूट, म्हणजे जोर .२२३ च्या दुप्पट. मला वाटायचं जेवढा जोर तेवढं काम. तसं नाही आहे, आणि हे मला एका डुकरानं शिकवलं.

पहिलं डुक्कर मी .२२३ नं मारलं, साठेक किलोची मादी, सत्तर पावलांवर उभी, कानाच्या मागं नेम धरला. जागेवर बसली, पाय पण झाडले नाही. .२२३ ला धक्का फार कमी, खांद्याला कोणी ढकलल्यासारखं वाटते बस, त्याच्यामुळं माझ्यासारखीचा पण नेम हलत नाही, आणि कानामागं लागली तर साडेतीन ग्रॅम पुष्कळ होते. पण गोळी कोणती भरली ते पाहायला लागते. फौजेची सगळीकडून तांब्यानं मढवलेली गोळी डुकरातून सुईसारखी आरपार जाऊ शकते, भोक बारीक पडते, जनावर पळून जाते आणि कुठंतरी दोन दिवसांनी मरते. शिकारीला टोक उघडं ठेवलेली, लागल्यावर फुलणारी गोळी लागते, आणि डुकराला तर ती घट्ट बांधलेलीच पाहिजे नाहीतर वरच फुटून जाते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थर असते, बाबा तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं सोलताना सुरीची धार जाते तोच. आणि काळीज आपण समजतो त्याच्या खूप खाली असते, पुढच्या पायांच्या मधात. अंदाजानं पाठीच्या बाजूला मारली की गेलं.

दुसऱ्या वेळी मी एकेचंच काडतूस चालणारी रायफल घेतली, म्हटलं गोळी जड आहे, आता काळजी नाही. मोठा नर होता, तिरपा उभा. म्हातारबा म्हणाले थांब, वळू दे. मी थांबली नाही. गोळी मागं लागली, पोटात. तो ओरडला आणि मेस्किटमध्ये घुसला. म्हातारबा काही बोलले नाही, घड्याळ पाहून अर्धा तास बसवून ठेवलं, मग टॉर्च घेऊन निघालो. गवताच्या पात्यावर रक्त होतं, काळं, त्याच्यात चारा मिसळलेला. दीडशे मीटरवर कोरड्या नाल्यात तो बसला होता, तोंड आमच्याकडं करून. दात वाजवत होता, कटकट कटकट. म्हातारबानं मला हातानं मागं सारलं आणि संपवलं.

बाबा, तो दात वाजवायचा आवाज ऐकला आणि मला तुमची मांडी दिसली. अठरा टाके. तुम्ही तूरीत एकटे होते, हातात काठी आणि बॅटरी. माझी परीक्षा होती म्हणून मला आठ दिवसांनी सांगितलं. मी तुमच्यावर चिडली होती तेव्हा, पण खरं सांगते, माहीत असतं तरी मी येऊ शकली नसती, तिकिटाचे पैसे नव्हते. त्या रात्री खोलीवर येऊन मी जेवली नाही. त्यानंतर मी तिरप्या जनावरावर कधी गोळी झाडली नाही, आणि शंभर मीटरच्या पुढं तर नाहीच. काही राज्यांत हरणावर .२२३ चालतच नाही, कोलोराडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला गोळी कमीत कमी .२४ इंच जाडीची लागते, व्हर्जिनियात .२३. आधी मला तो नियम उगाच वाटला होता, आता वाटते बरोबर आहे, त्या काडतुसात चुकीला जागा कमी आहे.

आईनं विचारलं की एकटी राहते तर रात्री उशाशी बंदूक ठेवते का. नाही ठेवत आई, शपथ. इथे पुष्कळ लोक ठेवतात, चोराच्या भीतीनं हीच एआर ठेवतात, कारण धक्का कमी आणि धरायला सोपी, आणि चोरासाठी तिची ताकद पुरून उरते. म्हातारबाचा जावई सांगत होता की हलकी फुलणारी गोळी भिंतीत लवकर फुटते, पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कमी खोल्या ओलांडते. ते असेल. पण इथल्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, लाकडी चौकटीला दोन्हीकडून पुठ्ठ्यासारखं जिप्समचं पाटं ठोकलेलं, त्याच्यापलीकडं माझ्या रूममेटचं डोकं असते. आणि बंद खोलीत रायफल वाजली तर कान कायमचे खराब होऊ शकतात, बाहेरसुद्धा आम्ही कानावर लावूनच मारतो. अंधारात कोण आहे ते दिसतच नसेल तर काडतूस कितीही चांगलं असलं तरी काय करायचं? माझ्या दाराला दोन कुलपं आहेत, शेजारी पंजाबी काकू आहेत, आणि ९११ ला फोन केला की पोलीस येतात. बातम्यांमध्ये जे दिसते ते रोज होत नाही, तू टीव्ही बंद करून झोपत जा.

मोठेबाबांना सांगा, अशी बंदूक आपल्याकडं मिळत नाही. फौजेच्या बोअरची, म्हणजे फौजेच्या नळीच्या मापाची, आपल्याला बंदीच आहे. पीक राखायला म्हणून १९५९ च्या कायद्यात भरमार (नळीच्या तोंडातून बारूद भरायची) नाहीतर गुळगुळीत नळीची, १२ बोअरसारखी, तिचं लायसन मागता येते, आणि ते मिळालं तरी डुकराला मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आणि मोठेबाबांना आता संध्याकाळी धुऱ्यावरचा बैल दिसत नाही, त्यांच्या हातात मला बंदूक नको. मी लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिली, पण वाचून दाखवा.

आणि तारेत लाइनचा करंट सोडायचा नाही. शेजारच्या वावरात सोडतात म्हणून आपण नाही सोडायचा. माणूस मरते, वाघ मरते, आणि मग घर जेलात. गोळी मारूनही डुकरं कमी होत नाहीत बाबा, म्हातारबा वीस वर्षांपासून मारून राहिले, दर हंगामाला तेवढीच येतात. त्यांचा भुईमूग वाचला तो फक्त कुंपणातल्या तुकड्यात.

म्हणून पैसे पाठवले. परवा खात्यात ७०,००० आले असतील. त्याच्यातून सोलरची झटका मशीन (कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा झटका देणारी) घ्या, पूर्ण चार एकराला, खालची तार जमिनीपासून एक वीतच ठेवा नाहीतर पिल्लं खालून घुसतात. वनखात्याची योजना आहे, अनुदानाचं रेंज ऑफिसात विचारा, पण अनुदानासाठी थांबू नका, हरभरा निघून जाईल. पावती गोलूनं जपून ठेवावी. कर्जाचा हप्ता मी इकडून वेगळा भरते, शेवटचे पाच राहिले, त्याची काळजी नको.

वर्ध्याच्या स्थळाचं. त्यांना फोटो काढून टाकायला पाहिजे असं आत्या म्हणाली. मी काढला असता, तुमच्यासाठी काढला असता, पण मग पुढं आयुष्यभर काय काय काढावं लागेल? त्यांना खरं सांगा, मुलगी कास्तकाराची आहे, डुकरं मारते, लायसन काढून मारते. त्याच्यावर नाही म्हणाले तर हरकत नाही. आई, तू रडू नको, मी लग्नाला नाही म्हटलं नाही.

आणि गोलूचं माझ्यासाठी अडवू नका. ताईचं झाल्याशिवाय कसं, असं लोक म्हणतील, म्हणू द्या. मुलगी चांगली आहे, तिच्या घरचे किती दिवस थांबतील. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरा. मला येता येणार नाही, व्हिसाचा शिक्का मारायला भारतात आली तर परतीची तारीख मिळत नाही, कंपनीनं साफ सांगितलं. मी व्हिडिओवर राहीन, अक्षता इकडं मुठीत घेऊन बसीन. गोलू, हे वाचताना थांबू नको.

मशीन लागेपर्यंत तरी बाबा एकटे जागलीला जाऊ नका, सोबत कोणाला घ्या. आणि गेलेच तर फोन चार्ज करून न्या. तुमची रात्र असते तेव्हा माझी दुपार असते, मी जागीच असते. मचाणीवरून मिस्ड कॉल द्या, मी करते.

तुमची,
बेबी