तलाठी मॅडम, तुमचे आभार आणि नव्या सरकारकडून एक अपेक्षा

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव कमी झालं आणि आई, दोन्ही आत्या व आम्हा भावंडांची नावं लागली. फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण तुम्हाला न विचारता ते छापणं मला बरं वाटत नाही. आपल्या सजातलं, म्हणजे तुमच्याकडच्या गावांतलं, कुणी वाचलं तर त्याला कळेलच.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. जमीन आम्ही कसतो, ऊस आमचा कारखान्याला जातो, पण कागदावर मालक आजोबाच. सोसायटीत पीककर्ज म्हटलं की तिथं अडायचं, ठिबकचं अनुदान म्हटलं की तिथंही तेच. वडिलांनी हयातीत वारस नोंदीसाठी बरीच धडपड केली. एका कार्यालयात त्यांना सांगितलं, कोर्टातून वारस दाखला आणा. पुढच्या टेबलावर स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं, मग मृत्यूचा दाखला जुना झालाय, नवा काढा म्हणाले. दर वेळी एक नवा कागद निघायचा आणि आधी दिलेल्या कागदांचं काय झालं ते कुणी सांगायचं नाही. शेवटी त्यांनी कागदांची पिशवी माडीवर ठेवून दिली. पुढं तेही गेले.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. अशा मोहिमा फोटोपुरत्या असतात असंच मला वाटत होतं. पण तुम्ही चावडी वाचनात मयत खातेदारांची नावं एकेक करून वाचलीत, आजोबांच्या नावाशी थांबलात आणि विचारलंत, “ह्यांच्या घरचं कुणी आलंय का?” आजोबांचं नाव घेऊन एखाद्या सरकारी माणसानं आमची चौकशी केली असं त्याआधी कधी घडलंच नव्हतं.

आईला गुडघ्यामुळं चावडीपर्यंत येणं जमत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हीच घरी आलात. सोप्यात तिच्याशेजारी बसून कोऱ्या कागदावर वंशावळ मांडायला घेतलीत. आई फक्त मुलग्यांची नावं सांगत होती. तुम्ही पेन थांबवून विचारलंत, “आणि मुली?” आई म्हणाली, “त्या दिल्या घरी सुखात हायत की.” आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यानंही आत्यांची नावं कशाला, असा सूर लावला. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “जमिनीवरचा हक्क सोडायचा का नाही ते त्या ठरवतील. वारस म्हणून त्यांचं नाव मी गाळणार नाही.” तिथंच विषय संपला. गडहिंग्लजच्या आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

कागद किती मागितलेत? मृत्यूचे दाखले, वारसांचं साधं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलांचा दाखला आणि वारसांचे पत्ते. वाद नसेल तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. शिवाय पुढं काय होणार तेही आधीच कळलं: नोटीस निघेल, हरकतीला पंधरा दिवस, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. आणि झालंही तसंच.

मॅडम, तुम्ही आमच्यासाठी एकही नियम वाकवला नाही. नियमात नाही ते मागितलं नाही, एवढंच. लालफीत कमी करा म्हणजे नियम मोडा, असं काहीजणांना वाटतं. तुमचं काम बघितल्यावर मला ते अजिबात पटत नाही.

५ डिसेंबर २०२४ ला फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. नव्या सरकारनं सरकारी कार्यालयांना १०० दिवसांचा कार्यक्रम दिला, महसूल खात्यानं ही मोहीम आणली. मी कुठल्या पक्षाचा नाही, पण मला मनापासून आशा वाटते. कोल्हापूरकरांनी अनेक दशकं मागितलेलं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये इथं सुरू झालंच की. आणि आपल्याच मातीत शाहू महाराजांनी १९१८ साली वंशपरंपरेनं चालणारी कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले, गावचं दप्तर एकाच घराच्या मुठीतून सोडवलं. राज्यकर्त्यानं मनावर घेतलं तर दप्तराची रीत बदलते हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

माझी अपेक्षा एवढीच, की हे काम मोहिमेपुरतं राहू नये. माणूस गेल्याची नोंद ग्रामपंचायतीत होते. ती माहिती तिथून थेट तुमच्यापर्यंत का येऊ नये? एका सरकारी कार्यालयानं दिलेला कागद दुसऱ्या सरकारी कार्यालयात हेलपाटे घालून शेतकऱ्यानंच का पोचवायचा? लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण गावाकडचा माणूस अपिलात जात नाही, कारण उद्या त्याला त्याच टेबलासमोर उभं राहायचं असतं. मुदत टळली की अर्जदारानं न मागता ते प्रकरण आपोआप वरच्या अधिकाऱ्यासमोर गेलं पाहिजे.

आणि तुमच्यावरचा भार. शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडंच. ई-पीक पाहणी तुम्ही बघायची, निवडणुकीचं काम तुम्ही करायचं, त्यात सर्व्हर बंद पडला की शिव्या तुम्हीच खायच्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ओसरायच्या आधीच चिखलातून पंचनामे करत फिरणारे तलाठी आम्ही बघितलेत. लोकांना लवकर सेवा द्यायची तर ती देणाऱ्याला वेळ आणि माणूसबळ आधी द्यायला हवं. नव्या नेतृत्वाला हे कुणीतरी ठणकावून सांगितलं पाहिजे, म्हणून मी सांगतोय.

वारस नोंदीला लागणाऱ्या कागदांची यादी मी सोसायटीच्या फलकावर लावली आहे. भावकीतल्या दोन घरांची नावं अजून राहिलीत, त्यांना घेऊन येत्या आठवड्यात तुमच्याकडं येतो.

या पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक महसूलमंत्र्यांना पाठवणार आहे. तक्रारींची पत्रं त्यांच्याकडं रोज जात असतील, चांगल्या कामाचं पत्रही तुमच्या नोकरीच्या दप्तरात लागायला हवं. तुमची हरकत नसेल तर त्या दोन प्रतींवर तुमचं नाव घालतो. तेवढं कळवा.

आपला,
कोल्हापूर जिल्ह्यातला एक खातेदार