पाडांगहून आई-बाबांना

पाडांग, पश्चिम सुमात्रा

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं नेहमी विचारता, त्या सुमात्रात आहे तरी काय. मी सांगायला लागले की आईला माझ्या जेवणाची काळजी, बाबांना पावसाची, आणि सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एकदा कागदावर उतरवते आहे. आणखी एक कारण आहे. तुम्ही दोघांनी इकडे यावं, बाबांचे गुडघे साथ देतायत तोवर यावं, असं मला फार वाटतं.

आधी आईचं सांगते, कारण हा मुलूख खरं तर तिने बघायला हवा.

इथले लोक मिनांगकबाउ. पक्के मुसलमान, आणि तरी कूळ चालतं ते आईच्या बाजूने. घर आणि शेत आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे येतं. असे समाज जगात थोडेच उरलेत आणि त्यांत हा सगळ्यांत मोठा. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. जुन्या मोठ्या घराला इथे रुमाह गदांग म्हणतात. लाकडी, खांबांवर उचललेलं, आणि छपराची दोन्ही टोकं म्हशीच्या शिंगांसारखी आभाळात वळलेली. आत एक लांबलचक मोकळी ओटी आणि मागच्या बाजूला ओळीने खोल्या, त्या घरातल्या लग्न झालेल्या मुलींच्या. मुलग्यांना वेगळी खोली नसे. जरा मोठे झाले की ते रात्री गावच्या प्रार्थनाघरात झोपायला जात, तिथेच कुराण आणि कुस्तीसारखी सिलेक विद्या शिकत.

कुळाची ही जमीन सहसा विकत नाहीत. गहाण टाकायची वेळ आली तरी त्याला चारच कारणं चालतात: घरात प्रेत आहे आणि मातीला पैसा नाही, उपवर मुलीचं लग्न अडलंय, मोठं घर गळतंय, किंवा कुळाच्या प्रमुखपदाचा विधी रखडलाय. बायकांचंच राज्य आहे असं मात्र समजू नका. कुळाचा प्रमुख पुरुषच असतो, आणि बहिणींच्या मुलांची जबाबदारी मामा म्हणून त्याच्यावर असते. शहरात आता नवरा-बायको वेगळं घर बांधतात, आणि स्वतः कमावलेली मालमत्ता इस्लामी कायद्याप्रमाणे मुलांमध्ये वाटली जाते. पण आजीच्या घराची भिंत अजून तिच्या लेकींची आहे.

आई, आजी गेल्यावर तू हक्कसोडपत्रावर सही केलीस ते मला आठवतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तू हसत सही केलीस आणि परतीच्या एस.टी.त चिपळूण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतीस. मी इथल्या घरमालकीणबाईंना हे सांगितलं. त्यांना कळेचना. त्यांनी दोनदा विचारलं, "मग तुझी आई आजारी पडली तर कुठल्या घरी जाऊन पडायची?" मला तुला त्यांच्या ओटीवर बसलेलं बघायचंय. भाषेची अडचण येणार नाही, तुम्ही दोघी तासाभरात भाजी निवडायला बसाल.

आणि गंमत म्हणजे घर सोडतात ते इथले मुलगे. कमवायला, शहाणं व्हायला परमुलखात जायचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात पाडांगी जेवणाचं दुकान सापडतं ते त्यामुळेच. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा बुकिटिंग्गीचे, पहिले पंतप्रधान सुतान शाहरिर पाडांग पांजांगचे. दादा घरी आणि मी इथे, हे ऐकून लोकांना आपल्याकडे सगळं उलटंच वाटतं. पाडांगजवळ आयर मानिसच्या किनाऱ्यावर मालिन कुंदांगची शिळा आहे. परदेशी जाऊन श्रीमंत झालेला मुलगा परतल्यावर फाटक्या लुगड्यातल्या आईला ओळख देत नाही, तिच्या शापाने जहाजासकट दगड होतो, अशी कथा. वाळूत पालथा पडलेला माणूस शिल्पकारांनी अलीकडे घडवलाय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी तिथून परतताना तुम्हाला फोन केला होता. तेव्हा कारण सांगितलं नव्हतं.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे, पण बाबा लोकांना "मसाल्याच्या कंपनीत" असं सांगतात, तर नीट लिहिते. इथल्या लिमापुलुह कोता भागात गांबिर नावाचं झुडूप लावतात. पाला तोडून उकळतात, दाबून रस काढतात, तो निवळला की साका खाली बसतो, त्याच्या छोट्या वड्या पाडून वाळवतात. यातला बराचसा माल भारतात जातो आणि पानात, पानमसाल्यात कात म्हणून पडतो. आपल्या सावर्ड्याकडे खैराची झाडं तोडून गाभ्याचा कात काढतात. इथे पाला खुडतात आणि झुडूप पुन्हा फुटतं, ते मला फार आवडतं. मी प्रयोगशाळेत त्या वड्यांची प्रत तपासते. शेतकऱ्याला भाव मात्र कधी चढा, कधी पाडलेला. माल घेणारे दूर आहेत आणि पाला तोडणाऱ्याच्या हातात काही नाही. याचं मला वाईट वाटतं.

आता जेवण. पाडांगी खानावळीत बसलं की मुलगा एका हातावर दहा-बारा बशा रचून आणतो आणि सगळ्या समोर मांडतो. जे खाल्लं त्याचे पैसे, हात न लावलेलं परत जातं. रेंदांग जगभर प्रसिद्ध आहे. नारळाचं दूध, गलंगल, गवती चहा, हळदीची पानं, मिरच्या, सगळं मंद आचेवर तासन्‌तास आटवतात, दूध आटून तेल सुटतं, मग त्याच तेलात मांस काळपट होईपर्यंत परततात. असं केलेलं बरेच दिवस टिकतं, म्हणून प्रवासाला निघालेल्या मुलाबरोबर ते बांधून देत. पण ते बहुतेक गोमांसाचं किंवा म्हशीच्या मांसाचं असतं, तेव्हा तुमच्यासाठी ते नाही. पायाकुंबुहला अंड्याचं रेंदांग मिळतं, ते मी खाते. कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी तर रोज असते, आईला चव ओळखीची वाटेल, फक्त तिखट जास्त. बाबांसाठी सिंगकराक सरोवरातले बिलिह. बोटाएवढे मासे, मुळात फक्त त्याच सरोवरातले, कुरकुरीत तळलेले. आणि आई, दादीह तुला बघायलाच हवं: म्हशीचं कच्चं दूध बांबूच्या नळीत ओतून वर केळीचं पान बांधतात आणि विरजण न लावता ते दोन दिवसांत घट्ट लागतं.

बाबा, आता तुमचा रस्ता. कुंभार्ली घाटात तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत, त्यामुळे केलोक ४४ तुम्हाला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मानिंजाउ सरोवरापासून वर डोंगरावर चढणारी वाट, चव्वेचाळीस वळणं, आणि प्रत्येक वळणावर त्याच्या क्रमांकाची पाटी. सरोवर म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड. वरून बघितलं तर काठावर मासे पाळायचे तरंगते पिंजरे दिसतात. ते फारच झालेत. वादळी हवेत तळचं पाणी वर ढवळलं गेलं की टनांनी मासे मरतात. पुढे बुकिटिंग्गीत १९२६ सालचा जाम गदांग, घड्याळाचा मनोरा. डच काळात त्याच्यावर कोंबडा होता, जपान्यांनी आपलं छप्पर चढवलं, स्वातंत्र्यानंतर मिनांग शिंगं आली. बोंजोलला विषुववृत्त रस्ता ओलांडतं, तिथे फोटो काढू.

इथल्या मारापी ज्वालामुखीबद्दल सरळ लिहिते. ३ डिसेंबर २०२३ ला तो फुटला तेव्हा वर चढलेल्यांपैकी वीसहून अधिक जण गेले. मे २०२४ मध्ये पावसाने त्याची राख आणि दगड खाली आणले, साठाहून अधिक माणसं गेली आणि लेंबाह आनाईचा धबधब्याकाठचा रस्ता तुटला. आपण २०२१ चा जुलै चिपळुणात काढलाय, तेव्हा गाळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण पाडांगपासून मारापी साठेक किलोमीटर आहे. इथली खरी भीती भूकंपाची. ३० सप्टेंबर २००९ ला शहराची निम्मीअधिक रया गेली, हजारावर माणसं मेली. त्यानंतर उंच इमारती त्सुनामीत आसरा मिळावा अशा बांधल्या, मोठी मशीदही त्यातलीच. माझं घर चढावर आहे आणि वाट मला पाठ आहे.

जंगल थोडक्यात सांगते, कारण ते चालायला लागतं. बुकिटिंग्गीच्या उत्तरेला बातांग पालुपुहला राफ्लेसिया फुलतं. पान नाही, खोड नाही, एका वेलीच्या आत दडून राहतं आणि मग मीटरभर रुंदीचं लाल फूल उमलतं, जेमतेम आठवडाभर. जवळ गेलं की सडक्या मांसाचा वास, तो माशांना बोलावण्यासाठी. सुदैव असेल तर दिसेल. दक्षिणेला केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यान आहे, सुमात्राचे वाघ तिथे आहेत. सगळ्या बेटावर मिळून चारशे ते सहाशे उरले असावेत असा अंदाज. जुनी माणसं रानात वाघाचं नाव घेत नाहीत, त्याला 'आजोबा' म्हणतात. पहाटे सियामांग वानर गळ्याची पिशवी फुगवून ओरडतात, तो आवाज डोंगरभर घुमतो. पलीकडे समुद्रात मेंतावाई बेटं, तिथल्या सिबेरुतवर जगात इतरत्र नसलेली माकडं आहेत. तिथे बोटीचा प्रवास आहे, आईला समुद्र लागतो, तेव्हा ते सोडून देऊ.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून पाडांग, विमान बदलायला मी क्वालालंपूरला येईन. विसा उतरल्यावर मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असली पाहिजे, दादाला उद्याच बघायला सांगा. पाऊस इथे बारा महिने असतो, त्याला घाबरून थांबू नका. गुडघ्याच्या गोळ्या पुरतील एवढ्या आणा. लावणी आटोपली की या आणि गणपतीच्या आधी परत जा, म्हणजे कुणाचं काही अडणार नाही. तिकिटांचं मी बघते, पैशांचं बोलायचं नाही.

तुमची लेक