मागची फळी आणि चालू इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वॉटर स्कीइंगवरचा, म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून पायांतल्या स्की नावाच्या पट्ट्यांवर पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळावरचा, लेख आवडला, पण सोबतच्या मोठ्या छायाचित्राने अस्वस्थ केले म्हणून लिहिते आहे. बोटीच्या मागच्या फळीवर दोन मुले पाण्यात पाय सोडून हसत बसली आहेत आणि त्यांच्या पायांखालून पांढरा फेस उसळतो आहे. फेस आहे म्हणजे इंजिन चालू आहे आणि बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा त्या पायांपासून हाता-दोन हातांवर फिरतो आहे.

मी बरीच वर्षे स्कीइंग करते, आता मुलगी शिकते आहे. एकदा मी पडले तेव्हा बोट मला घ्यायला वळून आली. गिअर न्यूट्रलला होता, इंजिन मात्र गुरगुरत होते. मी शिडीला हात घातला आणि नेमका तेव्हाच आत कुणीतरी उठला. त्याच्या बॅगेचा पट्टा गिअरच्या दांड्यात अडकला आणि बोट सरकली. माझ्या पायाशी तरंगणारी दोरी सर्रकन खाली खेचली गेली, पंख्याला गुंडाळली आणि इंजिन गचका खाऊन बंद पडले. तो पाय आजही शाबूत आहे, कारण पंख्यात आधी दोरी गेली. तेव्हापासून आमची एकच रीत आहे: शिडीजवळ पाण्यात माणूस असेल तर किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे. मिनिटाला ३,२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला १६० वार करतो, तिथे 'पटकन पाय काढून घेईन' हा हिशेब चालत नाही.

फळीवरचा दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागच्या बाजूला साठतो. डोके दुखते, मळमळते आणि आपण 'ऊन लागले' किंवा 'बोट लागली' म्हणून सोडून देतो. भोवळ आलेला माणूस मग आवाज न करता पाण्यात घसरतो. चालत्या बोटीच्या फळीला धरून मागे ओढत जाण्याचा खेळही काही जण करतात. अमेरिकेत त्यात जीव गेले आहेत.

५ मे २०१३ रोजी इंग्लंडमध्ये, कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ, एक सहा जणांचे कुटुंब वेगातल्या बोटीतून पाण्यात फेकले गेले. चालक जागेवरून हलला की इंजिन बंद करणारी दोरी, जिला किल कॉर्ड म्हणतात, चालकाला अडकवलेलीच नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावर येत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी त्यात गेली. एक हुक पायाला अडकवायला किती वेळ लागतो?

आता चालकाबद्दल. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला ११ मीटर कापते. चालकाने स्कीवाल्याकडे बघायला तीन सेकंद मान मागे वळवली, तर ३३ मीटर बोट आंधळी धावली. म्हणून मागे तोंड करून बसलेला आणि फक्त दोरीवर नजर ठेवणारा माणूस बोटीत हवाच. मुलीच्या वेळी तिथे मी बसते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. पडल्यावर तिने डोक्यावर दोन्ही हात जोडले की माझ्या जिवात जीव येतो. मग ती एक स्की पाण्याबाहेर उभी धरते, कारण लाटांत नुसते डोके दुसऱ्या बोटींना दिसत नाही.

पोहणाऱ्यांनाही हेच सांगायचे आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे इंजिनाची घरघर ऐकू येते पण कुठल्या बाजूने ते कानाला कळत नाही. वेग घेताना बोटीचे नाक वर उठते, तेव्हा चालकाला समोरचे पाणी दिसत नाही. भडक टोपी घाला, कमरेला नारिंगी फुगा बांधा आणि बोटींच्या वाटेपासून लांब, किनाऱ्याला समांतर पोहा. चालकाने आपल्याला पाहिले असेल असे कधीही धरून चालू नका.

संपादक महोदय, पुढच्या वेळी याच विषयावर छापाल तेव्हा मागे तोंड करून बसलेल्या त्या माणसाचे छायाचित्र द्याल का?

आपली,
एक नियमित वाचक