काझानच्या ट्रॉलीबसवाल्या आपांना, चौलहून

प्रिय आपा,

पत्र मराठीतच लिहितोय, कारण तुमची नातच म्हणाली की तुमच्या भाषेत लिहा, मी फोनवर ट्रान्सलेट करून आजीला वाचून दाखवते, मशीनने काही वेडंवाकडं केलं तर आम्ही हसून घेऊ. हसा खुशाल. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय ते यासाठी की आमच्याकडचे लोक रशियाला जातात ते मॉस्को नि सेंट पीटर्सबर्ग करून परत येतात, काझानचं नाव काढलं की "म्हणजे ते एमबीबीएसवालं ना?" एवढंच. तिथे व्होल्गाकाठी एक रिटायर्ड ट्रॉलीबस ड्रायव्हर बाई राहतात आणि त्यांनी ओळखदेख नसताना आमचं काय काय केलं हे कळू दे की लोकांना.

आधी त्या सकाळबद्दल. मॉस्कोच्या काझान्स्की स्टेशनवरून निघालेल्या त्या रात्रीच्या गाडीत तुम्ही आईचे गुडघे बघून तिला खालचा बर्थ दिलात आणि या वयात स्वतः वर चढलात, डब्याच्या टोकाला ती गरम पाण्याची टाकी असते तिथून तिला दोनदा पाणी आणून दिलंत, तेवढ्यावर थांबला असतात तरी आभार मानलेच असते. पण उतरलो तर ज्याचा फ्लॅट बुक केला होता त्या मालकाचा फोन बंद, आणि लागला तेव्हा म्हणे फॉरेनर असाल तर रजिस्ट्रेशनची भानगड मला नको, दुसरीकडे बघा. दोन बॅगा, आई, पहाटेची वेळ, आणि आपली कार्डं तर २०२२ पासून रशियात चालतच नाहीत, जे काय ते खिशातल्या कॅशवर. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि त्या माणसाला जे काही सुनावलंत त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण प्लॅटफॉर्मवरचे लोक चालता चालता थांबून ऐकायला लागले. मग फोन परत दिलात, आईची बॅग उचललीत आणि चालायलाच लागलात. आपण कुठे चाललोय हे आम्हाला तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कळलं. आई एवढंच म्हणाली, "बाई कामाची आहे, चल."

तुमच्या किचनमधल्या त्या पहिल्या चहाबद्दल ती अजून आळीभर सांगत फिरते. मॉस्कोत लिंबाचा काळा चहा तिने नाक मुरडत घशाखाली घातला होता आणि तुम्ही न विचारता दूध ओतलंत. तातार म्हणजे तुमच्या काझानकडच्या मुसलमान लोकांच्या घरात चहा दुधाचाच असतो हे आम्हाला काय माहीत. मग चक-चक आलं, कणकेचे तळलेले तुकडे मधात घोळवून रचलेलं, आणि आई म्हणाली अगं बाई हा तर शेवेचा लाडू, फक्त गुळाऐवजी मध. ती माळकरी आहे हे कळल्यावर तुम्ही एचपोचमाक म्हणजे त्या तिकोनी समोशांसारख्या पदार्थातलं मांस काढून नुसता बटाटा-कांदा भरलात, किस्तिबी म्हणजे ती बटाटा भरून दुमडलेली लोणी लावलेली पोळी तर तिने रोज खाल्ली. आणि एकादशीला तिने उपास म्हणून उकडलेले बटाटे आणि दही मागितलं तेव्हा तुम्ही नातीला काहीतरी विचारलंत, ते तिने हसत हसत सांगितलं, की रमजानमध्ये आम्ही दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही आणि तुमच्या उपासाला बटाटे चालतात? आईकडे उत्तर नव्हतं. तिने बटाटे खाल्ले.

मी काझानला कशाला आलो हे तुम्हाला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, नात कॉलेजला गेली होती आणि मशीनने घोड्यांचं काहीतरी भलतंच करून ठेवलं. तर आमच्या शेजारच्या रेवदंड्याला शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. त्वेरचा व्यापारी, पंधराव्या शतकात व्होल्गाने खाली येत कास्पियन, इराण, होर्मुझ करत आमच्या चौल बंदरात उतरला, विकायला म्हणून एक घोडा घेऊन, आणि जुन्नरला गेल्यावर तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला. लहानपणापासून ते स्मारक बघत आलोय. त्याने लिहून ठेवलंय की काझान आम्ही बिनअडथळा पार केलं. तेव्हा तिथे तातार खानाचं राज्य, आणि हा बाबा न थांबता सरळ पुढे. म्हटलं बघावं तरी त्याने न बघता काय सोडलं. हे सगळं शेवटी नातीकडून ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, शहाणा होता, जकात वाचवली.

पण आपा, राहायला दिलंत त्याच्याहीपेक्षा मला आभार मानायचेत क्रेमलिनच्या, म्हणजे काझानच्या किल्ल्याच्या, दिवसाचे. मी नेटवर वाचून आलेला, पूर्व आणि पश्चिम जिथे भेटतात वगैरे, त्यामुळे कुल शरीफ मशीद आणि ब्लागोवेश्चेन्स्की कॅथेड्रल एकाच फ्रेममध्ये येतात म्हणून फोटो काढत सुटलो होतो आणि नातीला म्हणालो, किती छान ना, किती गुण्यागोविंदाने. तिने ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला नदीच्या बाजूला नेलंत आणि काझान्काच्या पाण्यातलं ते पिरॅमिडच्या आकाराचं स्मारक दाखवलंत. १५५२ मध्ये इव्हान द टेरिबलने काझान घेतलं त्या लढाईत पडलेल्या रशियन सैनिकांचं ते, १८२३ मध्ये बांधून झालेलं. मग मला उलटं फिरवलंत. ती निळ्या घुमटांची मशीद, तिला नाव आहे त्याच लढाईत शहर वाचवताना मारल्या गेलेल्या इमामाचं. कॅथेड्रल १५६२ मध्ये उभं राहिलं, म्हणजे लढाईनंतर दहा वर्षांत, आणि मशीद २००५ मध्ये, शहराची हजार वर्षं साजरी झाली तेव्हा. मधली वर्षं मोजा म्हणालात, मी मोजली, साडेचारशेच्या जवळपास. फोटोत हे येत नाही असं नात म्हणाली, ते वाक्य तुमचं होतं की तिचं स्वतःचं हे मी विचारलं नाही.

तिथेच तो स्युयुम्बिके मनोरा, वरचं टोक जवळजवळ दोन मीटर कललेलं, त्याच्याखाली उभं राहून तुम्ही स्युयुम्बिके राणीची गोष्ट अशी काही रंगवून सांगितलीत, की झारने लग्नाची मागणी घातली, तिने सात दिवसांत सात मजल्यांचा मनोरा मागितला, आणि तो झाल्यावर वर जाऊन उडी घेतली. आईच्या डोळ्यात पाणी. आणि मग तुम्ही सांगता की हे सगळं खोटं आहे, तिला तर काझान पडायच्या आदल्या वर्षीच लहान मुलासकट मॉस्कोला नेलं होतं. मग सांगितलीत कशाला? तर म्हणे मला माझ्या आईने सांगितली म्हणून. बाहेर मुसा जलीलच्या पुतळ्यापाशी मात्र तुम्ही काही समजावलं नाहीत, तातारमध्ये त्याची कविता म्हणायला लागलात, पूर्ण, न अडखळता, आणि शेजारून जाणारी दोन शाळकरी पोरं थांबून आपल्याकडे बघत राहिली. तो नाझींच्या कैदेतही त्यांच्याविरुद्ध गुपचूप काम करत होता, १९४४ मध्ये बर्लिनला त्याला मारलं, आणि तुरुंगात लिहिलेल्या कवितांच्या चिमुकल्या वह्या बरोबरच्या कैद्यांनी सांभाळून घरी पोचवल्या, हे मला नंतर नातीने सांगितलं. पुतळ्याचे हात मागे बांधलेले आणि पायाशी काटेरी तार. मी त्या पुतळ्याचा फोटो काढला नाही, का कोण जाणे.

जुन्या तातार वस्तीत तुम्ही आम्हाला तुमच्या जुन्या रूटच्या ट्रॉलीबसनेच नेलंत. ड्रायव्हर मुलीने तुम्हाला ओळखलं, हात काय केला, पण कंडक्टर बाईंनी तिकिटाचे पैसे चोख घेतले, ते मला आवडलं. १५५२ नंतर तातारांना किल्ल्याच्या आसपास राहू दिलं नाही, बुलाक कालव्यापलीकडे घालवलं, आणि ते कबान तळ्याकाठी येऊन वसले, म्हणून ही वस्ती. रंगवलेली लाकडी घरं, नक्षीच्या खिडक्या, आता निम्म्यांत कॅफे. १७४० च्या दशकात अख्ख्या काझान प्रांतात शेकडो मशिदी पाडल्या आणि त्यानंतर रशियाची कॅथरीन राणी १७६७ मध्ये काझानला आली तेव्हा दगडी मशिदीला परवानगी मिळाली, ती ही मर्जानी मशीद, काझान पडल्यानंतरची पहिली दगडी. कुणीतरी तक्रार केली की मिनार फार उंच जातोय, तर राणी म्हणाली जमीन माझ्या हातात आहे, आकाश नाही. ही गोष्ट खरी की खोटी हे या वेळी तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

स्वियाझ्स्कला बेट बघायला गेलो त्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे डास फार होते. एवढंच की १५५१ मध्ये इव्हानच्या लोकांनी वरच्या अंगाला जंगलात ओंडके तोडून, खुणा करून, नदीतून वाहत आणून चार आठवड्यांत तिथे अख्खा किल्ला उभा केला हे मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो आणि तुम्ही म्हणालात, हो, आणि तो आमच्यासाठीच उभा केला होता, पुढच्याच वर्षी आले.

हे सगळं सांगणाऱ्या तुम्ही, आणि रात्री अल्बम काढलात तर नवरा रशियन. डेपोत मेकॅनिक. लग्नाच्या नोंदणीला दोघांच्याही आया आल्या नाहीत, आणि नंतर त्याच दोघी तुमच्या किचनमध्ये एकमेकींच्या पिठाला नावं ठेवत बसायच्या. घरात ईस्टरची अंडीही रंगतात आणि कुर्बान बायरामला म्हणजे बकरी ईदला शेजाऱ्यांकडे मटणही जातं. मला वाटलं आता तरी मी ते गुण्यागोविंदाचं वाक्य म्हणू शकतो, पण तेवढ्यात तुम्ही सांगितलंत की यजमान आर्स्कोए कब्रस्तानात आहेत आणि तुमची जागा तातार कब्रस्तानात तुमच्या आईशेजारी ठरलेली आहे. मी म्हटलं, म्हणजे लांब लांब? तुम्ही लगेच रूट नंबर सांगितलात, कुठे उतरून कुठे बदलायचं तेही. आई त्या रात्री बराच वेळ जागी होती, काही बोलली नाही.

आणि नात. तिला म्हणावं तुझेही आभार, तू नसतीस तर आम्ही नुसते माना डोलवत परत आलो असतो. तिने शाळेत तातार शिकली, तेव्हा रशियन घरातल्या मुलांनाही ते सक्तीचं होतं, २०१७ मध्ये सक्ती गेली आणि धाकट्या चुलतभावाने तो तासच घेतला नाही. तुम्ही तातारमध्ये बोलता, ती रशियनमध्ये उत्तर देते, चहा संपेपर्यंत दोघींचं असंच चालतं. मेट्रोत स्टेशनांची नावं रशियन, तातार आणि इंग्लिशमध्ये सांगतात ना, तर ती म्हणाली मेट्रो माझ्यापेक्षा चांगलं तातार बोलते. तुम्ही हसला नाहीत. मला मात्र आमच्या घरची इंग्लिश मीडियमची दोन पोरं आठवली, जाऊ दे.

साबानतुईला नेलंत ते तर राहिलंच. पहाटे तीनला उजाडतं म्हणून आई तयार होऊन बसली होती. पेरणी संपली की गावोगावी करतात तो हा सण, आधी खेडी आणि मग शहर, आणि त्या बर्चच्या झाडीत माणूसच माणूस. टॉवेल कमरेला अडकवून एकमेकाला उचलायची ती कुस्ती बघताना आमची माळकरी आई "उचल उचल" म्हणून ओरडत होती आणि आजूबाजूच्या बायका तिच्याबरोबर. जिंकणाऱ्याला मेंढा मिळतो आणि तो तो खांद्यावर घेऊन मैदानात फिरतो हे कळल्यावर तिने मेंढ्याचं पुढे काय होतं ते विचारलं. तुम्ही नातीला डोळ्याने खुणावलंत आणि तिने सांगितलं, पाळतात. त्याबद्दलही आभार.

आता कामाचं. पनवेलचा एक मुलगा काझानला मेडिकलला आहे, सुट्टी संपवून परत जातोय, त्याच्याबरोबर पाकीट दिलंय. चहाचा मसाला आईने घरी कुटलाय, चिमूटभरच घाला, तिने आलं सुकवून जास्त टाकलंय. लाल काळसर दिसतंय ते आमसूल, ते चहात घालायचं नाही, पाण्यात भिजवून साखर घालून प्यायचं, नातीला व्हिडिओ पाठवतो. रेवदंड्याच्या स्मारकाचा फोटो मोठा करून ठेवलाय, त्याच्यापुढे आई उभी आहे, निकितिनपेक्षा तीच जास्त दिसते. पोरगा पोचला की फोन करेल. होस्टेलवर राहतो, पोळीभाजीला तरसलेला आहे, त्याला जेवायला बसवू नका असं तुम्हाला सांगून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, फक्त तो मटण खातो, तेव्हा एचपोचमाक नेहमीचेच करा.

रॅहमॅत, म्हणजे तुमच्या भाषेत धन्यवाद, आपा.

तुमचा,
चौलवाला
आणि आई