बाबा, त्या कॅन घराबाहेर काढा

पांढरकवडा
रविवार, ७ जानेवारी २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आईने फोनवर सांगितलं की ट्रकवाल्यांच्या संपाच्या धास्तीने मंगळवारी बाबा दर्यापूरला गेले, रांगेत उभं राहून गाडीची टाकी भरली आणि वर पेट्रोलच्या दोन कॅनही भरून आणल्या. बाबांना फोनवर नीट ऐकू जात नाही, आणि मी मोठ्याने बोलले की भांडल्यासारखं वाटतं. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो आईच्या मोबाईलवर पाठवते आहे. आई, चष्मा लावून सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आधी त्या कॅनचं. न्हाणीशेजारच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांमागे ठेवल्यात म्हणे. बाबा, हे ऐकल्याबरोबर उठा आणि त्या तिथून काढा. पेट्रोल एवढ्या थंडीतही वाफ सोडत राहतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते. वर जाऊन उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत शिरते. आणि पहाटे आई पाणी तापवायला चूल पेटवते ती भिंतीपलीकडेच. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनची झाकणं कशी बसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल साठवायला मनाई आहे ती उगाच नाही. दिवसाउजेडी अंगणात, बिडी-काडीवाल्या माणसाला लांब ठेवून, शेजारच्या पोरांच्या गाड्यांत ते ओतून द्या. पैसे दिले तर घ्या, नाही दिले तर राहू द्या. आई, बाबा विसरले तर तू विसरू नकोस. आणि त्या कॅन निघेपर्यंत पाणी गॅसवरच तापव.

रांगेचं बोलायचं तर मला बाबांचा राग आलेला नाही. ज्या माणसाने रॉकेलसाठी डबा घेऊन रांगा लावल्या, ऐन पेरणीत खतासाठी पहाटेपासून दुकानासमोर बसून काढलं, त्याला ‘पुढं नाही भेटलं त?’ ही भीती वाटणारच. आपल्या भागात ही भीती कोणी शिकवावी लागत नाही. पण या वेळी काय घडलं, आणि ते इकडे शाळेत कसं येऊन पोचलं, ते तुम्हाला सांगायचंच आहे.

संप सुरू झाला तो नव्या कायद्यावरून. डिसेंबरात संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात असं आहे की, बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात, ३०४-अ मध्ये, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षं होती. ट्रकवाल्यांचं म्हणणं, आम्ही थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, आणि पळालो तर दहा वर्षं आत. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गावावरूनच नागपूर-हैदराबाद रस्ता जातो. अपघात झाला की आधी ड्रायव्हरला ओढून काढतात, जखमी माणसाला दवाखान्यात न्यायचं नंतर आठवतं. पण ‘सात लाख दंड’ ही जी गोष्ट तुमच्या पारावरही पोचली, ती कायद्यात कुठेच लिहिलेली नाही. कायद्यात नुसता दंड म्हटलंय, आकडा नाही. मोबाईलवरून फिरता फिरता तो आकडा चिकटला.

सोमवारी, १ तारखेला, गाड्या उभ्या राहिल्या. इथल्या धाब्यांसमोर ट्रकच ट्रक. आपल्याकडे पेट्रोल-डिझेल येतं ते नागपूरजवळचं बोरखेडी, अकोल्याजवळचं गायगाव असल्या डेपोंमधून टँकरने. तिकडे मनमाडजवळ पानेवाडीत टँकरचालकांनी काम बंद केल्याची बातमी टीव्हीवर आली, आणि त्यानंतर दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच, टाकी फुल करून घ्या. मंगळवारी रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी मालवाहतूकदारांच्या संघटनेला सांगितलं की हे कलम त्यांच्याशी चर्चा केल्याशिवाय लागू करणार नाही. संघटनेनेही चालकांना कामावर परतायला सांगितलं. म्हणजे मुळात संप दोन दिवसांचा. तेवढा साठा बहुतेक पंपांच्या टाक्यांत एरवी असतोच.

मग पंप कोरडे का पडले? बाबा, तुम्हीच हिशेब करा. इकडे पोरं गाडीत शंभराचं पेट्रोल टाकतात. आजच्या भावात शंभरात पुरतं लिटरही येत नाही. बारा हजार लिटरचा टँकर असा लिटर-लिटरने बारा हजार गाड्यांना पुरतो. तेच प्रत्येकाने दहा लिटरची टाकी काठोकाठ भरली की बाराशे गाड्यांत संपला, आणि कॅन, ड्रम आले की त्याहूनही लवकर. एप्रिलमध्ये विहिरीवर सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या तर विहीर संध्याकाळच्या आत तळ दाखवते. झरे आटलेले नसतात, त्यांना भरायला उसंत मिळत नाही, एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी मी पंपावरून घरी आले. दोरी बांधून त्यावर खोक्याचा पुठ्ठा अडकवलेला, खडूने लिहिलेलं, पेट्रोल नाही. तरी लोक उभेच. एक दूधवाला, गाडीच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या कॅन लटकवलेल्या, पोऱ्याला विनवत होता, ‘फक्त अर्धा लिटर दे बाप्पा, गावापर्यंत जातो.’ त्याच्यापुढून थोड्याच वेळापूर्वी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन ड्रम भरून गेले होते. तो ट्रॅक्टरवालाही वाईट माणूस नाही. त्याची तूर सोंगून पडलेली आहे, थ्रेशर डिझेलवर चालतं. पण दोन ड्रम त्याला त्या दिवशी लागत नव्हते. दूधवाल्याला अर्धा लिटर मात्र त्याच घडीला हवं होतं.

आता शाळेचं. बुधवारी, ३ तारखेला, सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. आठवडाभर पोरी भाषणं पाठ करत होत्या. मी फाट्यापर्यंत मिळेल त्या गाडीने गेले आणि पुढे चालत. गाडीने येणारे दोन सर पोचलेच नाहीत, त्यामुळे पहिली ते सातवी आम्ही दोघींनी एकाच व्हरांड्यात बसवली. जयंती झाली. एका पोरीने आजीचं लुगडं नेसून भाषण केलं आणि अर्ध्यात विसरल्यावर हार न मानता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बुधवार आमच्याकडे अंड्याचा वार. नोव्हेंबरात सरकारचा निर्णय झाला तेव्हापासून पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं मिळतं, न खाणाऱ्यांना केळी. ते आलंच नाही, आणणाऱ्याच्या गाडीत डिझेल नव्हतं. दुसरीतला एक पोरगा ताट घेऊन दोनदा विचारून गेला, ‘मॅडम, अंडं मागाहून देता का?’ आई, तुला म्हणून सांगते, काही पोरं बुधवारी त्या अंड्यासाठी येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंड्यासाठी का होईना, ती शाळेत येतात, बसतात, वाचतात.

हे सगळं मी विसरले असते. दोन सर शुक्रवारपर्यंत आले, अंडी पुढच्या बुधवारी येतील. विसरता येत नाही ती एक मुलगी.

माझ्याकडून सातवी करून गेलेली, कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. यंदा आठवीत, मोठ्या गावच्या हायस्कूलला. पोडावरून हायस्कूल लांब आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी जी निळी बस असते, फुकट, तिच्याच भरवशावर या मुली शिकतात. राज्यातल्या १२५ तालुक्यांसाठी ही योजना आहे, आणि गेल्या बारा वर्षांत इकडच्या किती मुली तिने दहावीपर्यंत पोचवल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मंगळवारी रस्त्यात गाड्या अडवताहेत असं ऐकू आलं, बस आली नाही. बुधवारीही नाही. बसवाल्यांना मी बोल लावत नाही, पोरींना घेऊन अशा रस्त्यावर कोण निघेल? फाट्यावरचा आटोवाला एरवी अशा वेळी पोरींना उधारीवरसुद्धा सोडून येतो. तो बुधवारी भल्या पहाटे पंपावर गेला आणि रिकामा परत आला. त्याच्या पुढच्यांनी कॅन भरून नेल्या होत्या.

मुलगी घरी राहिली. आणि जानेवारीत पोडावर घरी राहणं म्हणजे वावरात जाणं. कापसाची वेचणी सुरू आहे, किलोवर मजुरी, हात जितके जास्त तितकं बरं. तिची आई तिला सोबत घेऊन गेली. गुरुवारी बस आली, इतर मुली गेल्या, ही गेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी मला फाट्यावर भेटली तेव्हा म्हणाली, ‘बस नाही आली मॅडम, त मायसंग वेचाले गेली. आता बाबानं मालकाजवळून उचल घेतली.’ बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं नखांपाशी ओरखडलेली होती, आणि ती ओढणीच्या टोकाने सारखी पुसत होती. हायस्कूलच्या कार्यक्रमात सावित्रीबाईंवर तिचंच भाषण होतं. तिने मला त्यातल्या चार ओळी उभ्या उभ्या म्हणून दाखवल्या.

बाबा, दोन दिवस पेट्रोल नाही म्हणजे दोन दिवसांची गैरसोय, असं पेपरात वाचताना वाटतं. दादाच्या पोरांना ती तेवढीच झाली. त्यांची इंग्रजी शाळा बंद होती, घरी बसून मोबाईल पाहिला, गुरुवारी व्हॅन आली, बसले आणि गेले. पण ज्या मुलीची शाळा एका बसवर टांगलेली आहे, तिचे दोन दिवस मोडले की घराचा हिशेब बदलतो. उचल घेतली की आठवडा गेला. आठवडा गेला की धडे पुढे सरकतात, मग वर्गात बसायला संकोच वाटतो. मुली शाळेतून अशाच गळतात. कोणी कुठे सही करत नाही, कोणी ‘काढून टाकली’ म्हणत नाही. हायस्कूलच्या मोठ्या मुलींचं तर आणखी कठीण आहे. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला, दहावीची १ मार्चला. आता एकेक दिवस त्यांना मोलाचा आहे.

काल मी पोडावर जाऊन आले. त्या मुलीच्या आईशी बोलले. ती म्हणाली, ‘सोमवारी पाठवतो.’ वडील घरी नव्हते. उद्या हायस्कूलच्या मॅडमना फोन करून विचारणार आहे, आली का म्हणून. नाही आली तर परत जाईन.

हे तुम्हाला का लिहिते? पुन्हा संप होणार अशी कुजबुज इकडे सुरू झाली आहे. तिकडेही पोचलीच असेल. खरं असो नसो, बाबा, तुम्ही या वेळी रांगेत जाऊ नका. वयाच्या सत्तरीत, बीपीच्या गोळ्या सुरू असताना, थंडीत चार-चार तास उभं राहायचं नाही. गाडीत टाकीभर पेट्रोल आहे, तुम्हाला दवाखाना आणि बाजार, दोन्ही मिळून महिनाभर पुरेल. आईला रात्री-अपरात्री काही झालं तर १०८ ला फोन करा. म्हणून तर मला वाटतं, त्या ॲम्ब्युलन्सच्या आधी कोणाचे ड्रम भरले जाऊ नयेत.

आणि पारावर तुमचं लोक ऐकतात. वीस वर्षं सोसायटीत होतात, तुमच्या शब्दाला तिथे किंमत आहे. ज्याला ज्या दिवशी लागतं तेवढं त्याने घ्यावं, आटोवाल्याला आणि दूधवाल्याला पुढे जाऊ द्यावं, एवढं तुम्ही म्हणालात तर दहा घरं तरी कॅन घेऊन निघणार नाहीत. मी इथे पालकसभेत तेच सांगणार आहे. सरपंचांनाही विचारलंय की आटोवाल्यांसाठी पंपाशी काही बोलणं करता येईल का. ते बघतो म्हणाले.

बाकी सगळं ठीक. आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथे मिळतं. बाबांच्या गोळ्या मी महिन्याच्या आणते, दर्यापूरहून आणायला जाऊ नका. संक्रांत सोमवारी, १५ तारखेला आहे. मी शनिवारी शाळा सुटल्यावर निघेन, यवतमाळ, अमरावती करत रात्रीपर्यंत पोचते. बाबांनी स्टँडवर गाडी घेऊन यायचं नाही, मी गावच्या आटोने येते. तीळ निवडून ठेव, लाडू आपण दोघी मिळून करू. थोडे जास्त कर, इकडे परत आणायचे आहेत, वर्गासाठी आणि पोडावरही.

तुमची लेक